रास्ना आणि बांडगूळ

अननस आपण सर्वांनीच चाखला आहे. परंतु त्याच्या कुळातील शेकडो वनस्पती जमिनीला पाय न लावता उंच झाडांवर वाढतात, हे थोड्यांनाच ठाऊक असते. अमेरिकेतील वर्षावनांत त्यांच्या पानांच्या बुडाशी वाटी तयार होते, तीत पाणी साचते आणि बेडूक अंडी घालतात. पश्चिम आफ्रिकेतील एक जात सोडली, तर या कुळाचे माहेर अमेरिकाच. पोर्तुगीजांबरोबर अननस आपल्याकडे आला, त्याची ही भावंडे मात्र तिकडेच राहिली.

तरीही लाखांदूरकडच्या विद्यार्थ्याने हळहळण्याचे कारण नाही. झाडावरचा संसार आपल्या विदर्भात रास्ना थाटते. ही ऑर्किडच्या, म्हणजे आमरीच्या कुळातली. धुऱ्यावरचा जुना आंबा किंवा मोह तिला मानवतो. येथे पाऊस चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने ती कशी काढते? तिच्या लोंबत्या मुळांवर पांढरे, स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे, दवाचे पाणी ते टिपून घेते. शिवाय तिची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे उन्हात पाणी उडून जात नाही. झाडाकडून ती आधाराखेरीज काहीच घेत नाही.

बांडगुळाची गोष्ट निराळी. फुलटोच्या पक्षी त्याची फळे खातो, चिकट बी फांदीवर चिकटते, आणि मूळ थेट लाकडात शिरून झाडाचे पाणी ओढते. आंब्याचा मालक त्यावर विळा चालवतो ते योग्यच. परंतु त्याच विळ्याखाली निरपराध रास्नाही जाऊ शकते. ही गल्लत जुनी आहे. सर विल्यम जोन्सच्या १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनातून तिला ‘वंदा’ हे शास्त्रीय नाव मिळाले, आणि संस्कृतात वंदा म्हणजे बांडगूळसुद्धा! वैद्यकातही घोळ आहेच. महाराष्ट्रात व बंगालात हिची मुळे रास्ना म्हणून वापरतात, तर उत्तरेत व दक्षिणेत त्या नावाने निराळ्याच वनस्पती विकल्या जातात.

एकदा तोडलेली रास्ना सहजी परत येत नाही. तिचे बी धुळीसारखे बारीक, त्यात अन्नाचा साठा नसतो. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते.

उन्हाळ्यात मोहाची पाने गळाली की दोन्ही ओळखणे सोपे जाते. बांडगूळ जिथे फांदीत शिरते तिथे गाठ दिसते. रास्नेची पाने पट्ट्यासारखी, टोकाशी कुरतडल्यासारखी. फुले पिवळसर तपकिरी, चौकटीच्या नक्षीची, मधली पाकळी जांभळी, आणि त्यांना सुवासही असतो.