समुद्रशैवालाचा अर्क आणि पनवेलचा मळा

नवी मुंबईच्या विस्तारासाठी 1970 नंतर पनवेल तालुक्यातील बरीच शेतजमीन संपादित झाली. उरलेल्या जमिनीतून अधिक उत्पन्न काढण्याची निकड भाजीपाला पिकविणाऱ्यास भासावी, हे स्वाभाविकच होय. समुद्रशैवालाच्या अर्काची फवारणी या निकडीवरील उपाय म्हणून पुढे येत आहे. तिला भोंदूगिरी म्हणणे अन्यायाचे होईल. संजीवनी मानणे मात्र घातक ठरेल.

भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने कप्पाफायकस या शैवालाच्या ताज्या रसापासून फवारणीचे द्रव्य काढण्याची पद्धत विकसित केली. या रसात पालाश असते, ऑक्झिन व सायटोकायनिन ही वाढीची संप्रेरके सूक्ष्म प्रमाणात असतात. नत्र व स्फुरद मात्र नगण्य. लिटरभर पाण्यात दोन-तीन मिलिलिटर अर्क मिसळून पिकाचे पोट भरणार नाही, हे उघड आहे. मुळांची वाढ व फुलोरा यांना चालना देणे एवढेच त्याचे कार्य. शेणखत आणि रासायनिक खते यांची जागा तो घेऊ शकत नाही.

पनवेलच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट विचारार्ह आहे. येथील खाडीकाठची जमीन खारी. येथल्याच खारभूमी संशोधन केंद्राने अशा जमिनीसाठी ‘पनवेल-1’सारखे भाताचे वाण दिले. शैवाल तर जन्मभर खाऱ्या पाण्यातच वाढते, आणि त्याच्या अर्काने क्षारांचा ताण काहीसा सुसह्य होतो, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. परंतु कुंडीतील रोपाला जे लाभते ते खारपट मळ्यातील वांग्याला लाभेलच असे नाही. त्याची परीक्षा येथील मातीतच व्हावयास हवी.

केंद्र सरकारने 2021 साली खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून अशी जैव-उत्तेजके कायद्याच्या कक्षेत आणली, हे योग्यच झाले. तथापि कायदा बाटलीतील द्रव्याची हमी मागू शकतो. अमुक मळ्यात पीक वाढेल याची हमी तो देऊ शकत नाही. येथे शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक व विद्यार्थी मोलाची मदत करू शकतील. माती, बियाणे, खत सारखे ठेवून काही वाफ्यांवर अर्क आणि तितक्याच वाफ्यांवर नुसते पाणी फवारावे, प्रत्येक तोड्याचे वजन नोंदवावे, आणि वाढीव भाजीच्या किमतीतून अर्काचा व मजुरीचा खर्च वजा करावा. जे उरेल, तोच खरा लाभ. अल्पभूधारकाने आपले पैसे या हिशेबाच्या आधारेच खर्च करावेत. जाहिरातीच्या भरवशावर नव्हे.