पाइपलाइन तुंबणार का? सॉफ्टवेअर निवडण्याआधी...

२०१० साली मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’चं गळणारं तेल गोळा करायला सुमारे १५०० मीटर खोल पोलादी घुमट उतरवला. तो हायड्रेटने तुंबला! हायड्रेट म्हणजे गार पाणी आणि दाबाखालचा गॅस मिळून झालेला बर्फासारखा पदार्थ. शून्य अंशाच्या वरही जमतो.

म्हणून आधी दोन प्रश्न विचारा. हायड्रेट किती दाबाला, किती तापमानाला जमेल? हे मल्टिफ्लॅश किंवा पीव्हीटीसिम सांगतं. पाइपमधलं तेल-गॅस-पाणी तिथवर कधी पोचेल? प्रवाह स्थिर असेल तर पाइपसिम पुरतं. पण लाइन बंद पडली की ती हळूहळू गार होत जाते. तेव्हा काळानुसार हिशोब करणारं ओल्गा किंवा लेडाफ्लोच लागतं.

कोड लिहिताना करतो तेच: आधी प्रश्न, मग टूल.