लहान बोट म्हणजे चांगली बोट का? जुनो बंदरातली एक निवड

या मालेत आपण रोजच्या जगण्यातल्या निवडी घेतो आणि त्यांच्यामागचा तर्क तपासून बघतो. आजची निवड थोडी लांबची आहे, पण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या वाट्याला येणारी आहे. मुलं अमेरिकेत असतात, आईवडील उन्हाळ्यात तिकडे जातात आणि मुलं त्यांना अलास्काच्या क्रूझवर नेतात. जहाज जुनो नावाच्या गावाला आठ-दहा तास थांबतं. तेवढ्यात व्हेल, म्हणजे आपला देवमासा, बघून यायचं असतं. मग प्रश्न येतो, की कोणत्या बोटीतून जायचं? जाहिरातींत एक शब्द सारखा दिसतो : ‘स्मॉल ग्रूप’. गट छोटा आणि तिकीट मोठं! आपण मनाशी म्हणतो, महाग आहे, लहान गट आहे, म्हणजे चांगलंच असणार.

हे ‘म्हणजे’ आपल्याला आज तपासायचं आहे.

न्यायशास्त्र शिकणाऱ्याला पहिल्या वर्षी एक उदाहरण देतात. जिथे धूर आहे तिथे अग्नी असतो, हे बरोबर. पण उलटं म्हटलं तर? जिथे अग्नी आहे तिथे धूर असतोच का? नाही. लोखंडाचा लालबुंद तापलेला गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. मग धूर कधी निघतो? सरपण ओलं असेल तेव्हा. या ओल्या सरपणाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. खरं काम ती करते आणि श्रेय मात्र आपण अग्नीला देऊन बसतो. ‘लहान गट आहे, म्हणून सहल चांगली’ या अनुमानातही अशीच एक उपाधी लपलेली आहे. ती कोणती, ते शोधू. पण आधी ठिकाण समजून घेऊ.

जुनो : गाव आणि पाणी

जुनो ही अलास्काची राजधानी. वस्ती जेमतेम बत्तीस हजार. मागे डोंगर आणि हिमनद्या, पुढे समुद्र. बाहेरून या गावात येणारा रस्ताच नाही. यायचं तर विमानानं, नाहीतर बोटीनं. अशा गावात २०२३ साली सोळा लाखांहून अधिक क्रूझ प्रवासी उतरले. गावकऱ्यांनी तक्रारी केल्या, चर्चा झाल्या आणि २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं, असा करार झाला. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे दिसतो तो मुख्यतः हंपबॅक व्हेल. पूर्ण वाढलेला प्राणी बारा ते पंधरा मीटर लांब, म्हणजे आपल्या एस.टी. बसपेक्षाही लांब. देवमासा म्हणतो खरं, पण हा मासा नाही. सस्तन प्राणी आहे, फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. हिवाळ्यात यातले बहुतेक हवाई बेटांच्या उबदार पाण्यात असतात. तिथे वीण होते, पिलं जन्मतात, पण खाणं जवळपास नसतंच. उन्हाळ्यात हजारो किलोमीटर पोहत ते अलास्कात येतात, ते हेरिंगसारखे छोटे मासे आणि क्रिल खायला. साधारण एप्रिल ते नोव्हेंबर हा त्यांचा इथला मुक्काम.

याचा अर्थ नीट बघा. वर्षभराची शिदोरी या काही महिन्यांत अंगात साठवायची असते. आपण बघायला जातो तेव्हा तो प्राणी जेवायला बसलेला असतो. आपल्या सहलीच्या प्रत्येक मिनिटाला त्याच्या बाजूनं ही एक किंमत असू शकते.

छोट्या गटाचा खरा फायदा

क्रूझ जहाजं गावात लागतात, पण व्हेलच्या बोटी सुटतात ऑक बे नावाच्या बंदरातून. ते गावापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. बोटी ढोबळमानानं तीन प्रकारच्या असतात. शंभरच्या वर माणसं घेणाऱ्या मोठ्या, वीस-तीसच्या मधल्या आणि फक्त सहा जणांच्या. हा सहाचा आकडा कायद्यातून आलेला आहे. अमेरिकी तटरक्षक दलाच्या नियमानुसार, प्रवासी बोट म्हणून तपासणी-प्रमाणपत्र नसलेल्या बोटीवर पैसे देणारे सहाच प्रवासी घेता येतात. म्हणून तिथे अशा बोटीला ‘सिक्स-पॅक’ म्हणतात.

लहान बोटीत फायदा आहे, तो नाकारायचं कारण नाही. हंपबॅक वर येतो, चार-पाच श्वास घेतो, मग पाठ वाकवून शेपूट उंच करतो आणि खोल बुडी मारतो. पाचेक मिनिटांनी कुठे वर येईल ते सांगता येत नाही. डावीकडे बघत असाल तर तो उजवीकडे यायचा. मोठ्या बोटीवर अशा वेळी शंभर माणसं एका कठड्याकडे धावतात आणि मागच्यांना पुढच्यांच्या टोप्या दिसतात. लहान बोटीत दोन पावलांत बाजू बदलता येते. मार्गदर्शकाला प्रश्न विचारता येतो, आणि उत्तर लाउडस्पीकरवरून न येता समोरून येतं. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक व्हेलची वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. त्यावरून तिथली जाणकार माणसं एकेक व्हेल नावानिशी ओळखतात. असं कुणी शेजारी उभं राहून सांगत असेल तर बघणं बदलतं.

पण मोठ्या बोटीचेही फायदे आहेत. ती कमी हलते, स्वच्छतागृह असतं, गरम केबिन असते. जुनोत उन्हाळ्यातही पाऊस आणि दहा-पंधरा अंशांची थंडी हे नेहमीचं आहे. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसानं सहा जणांच्या बोटीचं तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : बोटीवर स्वच्छतागृह आहे का, आणि चढायला पायऱ्या किती? यात लाजण्यासारखं काही नाही.

आता व्हेलच्या बाजूनं गणित

समजा एकशेवीस माणसांना व्हेल बघायचा आहे. मोठी बोट असेल तर एक पुरते. सिक्स-पॅक असतील तर वीस लागतात. वीस बोटी म्हणजे किमान वीस इंजिनं आणि वीस दिशांनी येणारा आवाज. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगानं जातो आणि लांबवर पोचतो. म्हणजे ‘छोटा गट निसर्गाला सौम्य’ ही समजूत गटापुरती खरी असेलही, पण समुद्रापुरती ती आपोआप खरी ठरत नाही.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामायिक कुरणाची शोकांतिका मांडली, ती हीच. प्रत्येकाला आपली एक गाय वाढवणं परवडतं आणि कुरण संपतं. मात्र त्याला उत्तरही आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावरच्या कामासाठी. लोक एकत्र येऊन आपले नियम करतात, पाळतात आणि एकमेकांवर लक्ष ठेवतात, तेव्हा कुरण टिकतं, हे त्यांनी ठिकठिकाणच्या उदाहरणांनी दाखवलं. जुनोनं जहाजांवर घातलेली मर्यादा ही त्याच वाटेवरची.

पाण्यावरही नियम आहेत. अलास्कात २००१ पासून कायदा असा आहे, की हंपबॅकच्या शंभर यार्डांच्या आत, म्हणजे साधारण एक्क्याण्णव मीटरच्या आत, बोट न्यायची नाही. त्याच्या वाटेत पुढे जाऊन थांबायचं नाही, म्हणजे ‘तोच जवळ आला’ ही पळवाट बंद. वेग कमी ठेवायचा. त्याच्या नेहमीच्या वागण्यात खंड पडेल असं काही करायचं नाही. याशिवाय ‘व्हेल सेन्स’ नावाचा ऐच्छिक कार्यक्रम आहे. त्यात सामील झालेल्या कंपन्या दरवर्षी प्रशिक्षण घेतात आणि कायद्याहून थोडं अधिक बंधन स्वतःवर घालून घेतात.

आता आपली उपाधी सापडली. सहल चांगली होते ती कॅप्टनच्या वागण्यानं. तो अंतर राखतो का? गर्दी झाली की निघून दुसरीकडे जातो का? बराच वेळ एकाच प्राण्याच्या मागे राहत नाही ना? हे असेल तर वीस जणांची बोटही चांगली. हे नसेल तर सहा जणांची बोट म्हणजे तापलेला लोखंडाचा गोळा. गट लहान आहे, चांगुलपणा नाही.

‘व्हेल दिसण्याची हमी’

आणखी एक शब्द : हमी. ‘व्हेल दिसला नाही तर पैसे परत.’ वचन कशाचं देता येतं? जे आपल्या हातात आहे त्याचं. व्हेल कुणाच्याच हातात नाही. तरीही कंपन्या हमी देतात, कारण जून ते ऑगस्टमध्ये जुनोच्या पाण्यात निदान एखादा हंपबॅक दिसतोच म्हटलं तरी चालेल. म्हणजे हमी खोटी नाही, पण तिच्यामुळे दोन बोटींतला फरक कळत नाही. दूरवर उडालेला फवारा आणि बुडी मारणारी शेपूट, दोन्ही ‘दिसलं’ यातच मोडतात.

जाहिरातीतला फोटोही तसाच. अनेक व्हेल मिळून बुडबुड्यांचं जाळं करतात, मासे कोंडतात आणि तोंडं उघडून एकदम वर येतात. हे खरंच घडतं, पण तुमच्या दोन तासांत घडेल असं नाही. तो फोटो बघून गेलेल्या माणसाला शांतपणे श्वास घेणारा व्हेल कमी वाटतो. मग तो कॅप्टनला म्हणतो, ‘जरा जवळ घ्या ना.’ नियम मोडायचा दाब बोटीवर इथून येतो, आपल्याकडून. रिव्ह्यूत ‘फार लांबून दाखवलं’ म्हणून एक तारा देणारा प्रवासी पुढच्या कॅप्टनला काय शिकवतो, याचा विचार करा. अंतर राखणाऱ्या बोटीबद्दल तेवढ्याच आवर्जून चांगलं लिहिलं, तर तेही शिकवणंच आहे.

घड्याळ

आता व्यवहाराचं. ‘साडेतीन तासांची सहल’ असं लिहिलं असेल तर त्यात गावातून बसनं जाणं-येणं आणि चढणं-उतरणं धरलेलं असतं. पाण्यावर साधारण दोन ते अडीच तास मिळतात. तुलना त्या तासांची करा.

जहाजाच्या सुटण्याच्या वेळेआधी किमान अर्धा तास सगळ्यांनी आत असावं लागतं. समजा जहाज रात्री नऊला सुटणार आहे, तर तुमची वेळ साडेआठ. गावात परत यायची वेळ सात धरा. अलास्काची वेळ सिएटल-व्हँकुव्हरपेक्षा एक तास मागे असते. जहाज कोणती वेळ पाळतंय ते सकाळीच विचारून घ्या, फोनवर विसंबू नका.

थांबे दोन-तीन असतील तर तेही ताडून बघा. काही जहाजं हूना गावाजवळच्या आयसी स्ट्रेट पॉइंटला थांबतात. तिथून पॉइंट अ‍ॅडॉल्फस ही हंपबॅकची नावाजलेली खाण्याची जागा जवळ आहे आणि लांबचा बसप्रवास नाही, म्हणून पाण्यावर वेळ जास्त मिळतो.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*‘सर, सहल जहाजाकडून घ्यावी की बाहेरून?’*

जहाजाकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय करतं. बाहेरून घेतलीत तर जबाबदारी तुमची. आणि जुनोहून पुढे रस्ता नाही, हे मघाशी सांगितलंच. आपल्या पासपोर्टवाल्यांना अमेरिकेच्या व्हिसाबरोबर बहुधा कॅनडाचाही लागतो, त्यामुळे जहाज चुकणं आपल्याला जास्त जड जातं. शिवाय जहाजाच्या यादीतही लहान बोटी असतात, ती आधी बघा. बाहेरून घ्यायची तर परतल्यावर दोन तास हाताशी राहतील अशीच घ्या, आणि औषधं केबिनमध्ये ठेवू नका. कंपनीला चार गोष्टी लिहून विचारा : बोटीवर एकूण किती प्रवासी, प्रत्यक्ष पाण्यावर किती वेळ, ‘व्हेल सेन्स’मध्ये आहात का, आणि व्हेलभोवती आधीच बोटी जमल्या असतील तर तुम्ही काय करता? चौथ्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा. ज्यानं यावर विचार केला आहे तो नेमकं लिहितो. बाकीचे ‘तुम्हाला अविस्मरणीय अनुभव मिळेल’ असं लिहितात.

*‘आपल्याकडे डॉल्फिन दाखवतात, तिथेही हेच का?’*

हेच. गोव्यात, तारकर्लीला, दापोलीकडे डॉल्फिन बघायला बोटी जातात. डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तरी एक पाठ दिसली की चार बोटी तिच्यामागे लागतात, हे आपण बघतोच. बोटवाल्याचं पोट त्यावर आहे आणि त्याला वाटतं, गिऱ्हाईक जवळून दाखवण्याचेच पैसे देतं. निघण्याआधीच त्याला सांगा, ‘दादा, मागे लागू नका. इंजिन बंद करून थांबू या, आले तर बघू, नाही आले तरी ठरलेले पैसे पूर्ण देऊ.’ हे वाक्य मराठीत सांगता येतं आणि त्याला लगेच कळतं. जुनोला जायच्या आधी सराव म्हणून करून बघायला हरकत नाही.