सोशिकपणाचा अभ्यास कशासाठी?

दुष्काळ, महापूर किंवा साथ आली असता काही समाज तग धरून राहतात, तर काहींची घडी विस्कटते. असे का व्हावे, हे शोधणे समाजशास्त्राचे महत्त्वाचे कार्य होय. परंतु या शोधाचा हेतू कोणता असावा? नंदुरबार जिल्ह्यातील मोलगीच्या उदाहरणाने त्याचा विचार करू.

सातपुड्याच्या डोंगरांत, अक्कलकुवा तालुक्यात वसलेले मोलगी हे भोवतालच्या आदिवासी पाड्यांचे बाजाराचे गाव. तेथील आमचूर व भगर प्रसिद्ध आहेत. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून वाळवावयाच्या, मोहाची फुले वेचून साठवावयाची, ही पुढील दिवसांची तरतूदच होय. शिवाय या डोंगरांत 'लाह' नावाची रीत आहे: एकाच्या शेताच्या वा घराच्या कामास शेजारी मजुरी न घेता येतात आणि यजमान त्यांस जेवू घालतो.

हे पाहून 'हे लोक मुळातच सोशिक' असा निष्कर्ष काढून अभ्यासकाने वही मिटली, तर त्याने अर्धेच सत्य सांगितले असे होईल. एकाचे घर पडले तर दहा हात धावून येतात. पण पाऊस साऱ्याच पाड्यांवर रुसला, तर कोणी कोणास द्यावे? मग ऊसतोडीसाठी गुजरातची वाट धरावी लागते आणि कुपोषण प्रथम लहान मुलांस गाठते. परस्परसाहाय्य कोठवर पुरते व कोठे थकते, ती सीमा नेमकी दाखविणे हेच अशा संशोधनाचे प्रयोजन. कारण तेथूनच शासनाच्या कर्तव्यास आरंभ होतो.

महाराष्ट्रास ही दृष्टी नवी नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतील हकिकती मिळवून सरकारपुढे ठेविल्या. १९७२-७३ च्या अवर्षणात लोकांनी काम मागितले, आणि मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे होती. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या कामाच्या हमीस पुढे १९७७ च्या कायद्याचे रूप आले. लोकांची गरज मोजली गेली, म्हणून ती हक्क होऊ शकली.

दुसऱ्याच्या सोशिकपणाचे कौतुक करणे सोपे. त्यावर विसंबून स्वस्थ बसणे त्याहून सोपे. आपल्या घरांतील मुलेमुली आज असे विषय अभ्यासासाठी निवडतात. 'हे लोक कसे सोसतात?' एवढेच त्यांनी विचारू नये. 'यांस इतके का सोसावे लागते?' हेही विचारावे, आणि मिळालेले उत्तर प्रथम त्याच लोकांस, त्यांच्या बोलीत, सांगावे.