हॉलंडातील शहरे : शेतकरी प्रवाशाने काय पाहावे?

अलीकडे आपल्या बागाईतदार कुटुंबांतील मुलेमुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी यूरोपात जाऊन राहू लागली आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठ आईवडीलही महिना-पंधरा दिवसांकरिता तिकडे जाऊन येतात. नाशिककडील द्राक्षे तर दरसाल रॉटरडॅमच्या बंदरात उतरतात. तेव्हा आपला माल जेथे जातो तो मुलूख एकदा डोळ्यांनी पाहावा, अशी इच्छा बागाईतदारास होणे साहजिक आहे. परंतु प्रवासाची जी माहितीपत्रके हाती पडतात, त्यांत ट्यूलिपची फुले, पवनचक्क्या, लाकडी जोडे व चित्रसंग्रहालये एवढ्यांचीच जंत्री असते. ती पाहू नयेत असे आमचे म्हणणे नाही. मात्र ज्याची हयात जमिनीच्या मशागतीत गेली, त्याने ही शहरे निराळ्या नजरेने पाहिल्यास त्यास अधिक लाभ होईल, असे वाटून हा लेख लिहिला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण ज्यास हॉलंड म्हणतो, त्या देशाचे खरे नाव नेदरलँड्स, म्हणजे सखल मुलूख. आपल्या जुन्या कागदपत्रांत ज्यांस वलंदेज म्हटले आहे व ज्यांची वखार सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास होती, तेच हे लोक. त्यांच्या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. सबब तेथील प्रत्येक शहरास जमिनीचा जसा हिशेब ठेवावा लागतो, तसाच पाण्याचाही ठेवावा लागतो. प्रेक्षणीय स्थळे पाहताना हा दुसरा हिशेब कोठे व कसा दिसतो, ते शोधीत जावे.

अ‍ॅमस्टरडॅम. — बहुतेक प्रवासी विमानाने स्खिपोल येथे उतरतात. ह्या विमानतळाची जमीन पूर्वी हार्लेमरमेर नावाच्या मोठ्या सरोवराचा तळ होती. वादळात हे सरोवर काठची शेते खाऊन वाढत असे. तेव्हा भोवती बांध व कालवा घालून १८४९ ते १८५२ ह्या अवधीत वाफेच्या तीन पंपगृहांनी ते उपसून काढले, आणि सुमारे १८,००० हेक्टर जमीन मोकळी झाली. त्यांपैकी क्रुकियस नावाचे पंपगृह हार्लेम शहराजवळ संग्रहालय म्हणून राखले आहे. तेथील यंत्राचे मुख्य नळकांडे १४४ इंच व्यासाचे आहे. विहिरीवरील पंपाशी ज्याचा रोजचा संबंध, त्याने हे स्थळ चुकवू नये.

शहरात आल्यावर डाम चौकातील राजवाडा पाहावा. १६५५ साली नगरगृह म्हणून उघडलेली ही दगडी इमारत १३,६५९ लाकडी खुंटांवर उभी आहे. वरची जमीन चिकण आणि पीट ह्यांची आहे. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, स्पंजासारखी भुसभुशीत माती. तिच्यावर भार टिकत नाही, म्हणून खुंट खालच्या वाळूच्या थरापर्यंत ठोकावे लागतात. हे लाकूड पाण्याखाली राहील तोवर शतकानुशतके टिकते. जमिनीतील पाणी उतरून त्यास हवा लागली की ते कुजू लागते. म्हणजे ह्या शहरात पाणी चढले तर बुडण्याचे भय, आणि उतरले तर घरे खचण्याचे भय! कालव्यांतील पाणी ठरल्या पातळीवर राखणे हे तेथे पहिले काम होय.

ही पातळी मोजण्याची खूणही पाहण्यास मिळते. महसूल खात्यात उमेद घालविल्यामुळे आम्हांस मोजणीच्या दगडांचे अप्रूप अधिक. पण शेतकऱ्यासही हद्दीच्या खुणेचे मोल सांगावयास नको. सतराव्या शतकाच्या अखेरीस योहानेस हुड्डे ह्या नगराध्यक्षाच्या कारकीर्दीत समुद्रबांधाच्या उघाड्यांवर संगमरवराचे आठ दगड बसवून बांधाची उंची त्यांवर कोरून ठेवली. त्यांपैकी एक दगड एका उघाडीवर अद्याप शिल्लक आहे. हल्लीच्या नगरगृहात, म्हणजे स्टोपेरा नावाच्या इमारतीत, त्याच शून्य पातळीची पितळी खूण दाखविली आहे. साऱ्या देशाची उंची व खोली तीवरून मोजतात.

मग कालव्यांच्या काठाने फिरावे. सतराव्या शतकात खणलेल्या ह्या अर्धवर्तुळाकार कालव्यांची गणना २०१० पासून जागतिक वारशात झाली आहे. घरांची तोंडे अरुंद, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर एक तुळई व आकडा दिसेल. होडीतून आलेला माल दोराने वर ओढून माळ्यावरील कोठारात घेण्याची ती सोय होय. रेक्सम्यूझियममधील रेंब्रांटचे ‘रात्रीचा पहारा’ हे १६४२ सालचे चित्र सर्वजण पाहतातच. परंतु व्हॅन गॉग संग्रहालयातील ‘बटाटे खाणारे’ हे १८८५ सालचे चित्र शेतकऱ्याने मुद्दाम पाहावे. दिव्याच्या उजेडात एक कष्टकरी कुटुंब एकाच ताटातील बटाटे खात बसले आहे. जे हात ताटात जात आहेत त्याच हातांनी जमीन खणली आहे, हे दिसावे असा आपला हेतू असल्याचे चित्रकाराने आपल्या भावास कळविले होते.

बेम्स्टर व अल्कमार. — कालव्याकाठच्या व्यापाऱ्यांनी आपला पैसा जमिनीत कसा घातला, हे पाहण्यास उत्तरेस बेम्स्टर येथे जावे. भोवती बांध घालून व आतील पाणी उपसून कमावलेल्या जमिनीस तिकडे पोल्डर म्हणतात. बेम्स्टर हे पूर्वी सरोवर होते. अ‍ॅमस्टरडॅमच्या धनिकांनी भांडवल उभारून पवनचक्क्यांनी ते उपसण्यास घेतले. काम सरत आले असता १६१० साली समुद्राकडील बांध फुटला व सरोवर पुन्हा भरले. त्यांनी भोवतीचा बांध अधिक उंच केला, पुन्हा उपसा केला, आणि १६१२ साली सुमारे ७,००० हेक्टर जमीन कोरडी झाली. आजही तेथील रस्ते व शेते आखणीच्या कागदावरील चौकोनांसारखी सरळ आहेत. भोवतीच्या कालव्यातून जाणारी होडी शेतात उभ्या असलेल्या मनुष्यास आपल्या डोक्याच्या वर दिसते.

तेथून जवळच अल्कमार हे गाव आहे. एप्रिलपासून सप्टेंबरअखेर दर शुक्रवारी सकाळी तेथील तोलघरासमोर चीजचा बाजार भरतो. निरनिराळ्या रंगांच्या टोप्या घातलेले हमाल दोघे दोघे मिळून लाकडी पाळण्यावर चीजचे गोल वाहून नेतात. भाव ठरविताना घेणारा व देणारा एकमेकांच्या तळहातावर टाळी देतात. आपल्या गुरांच्या बाजारातील रुमालाखालच्या सौद्याची ज्यांस आठवण आहे, त्यांस हे पाहून मौज वाटेल. हल्ली हा बाजार मुख्यतः प्रवाशांसाठी भरतो, हे मात्र विसरू नये.

त्याहून बोधप्रद स्थळ म्हणजे शेजारचे ब्रुक-ऑप-लांगेडाइक. तेथील शेते पाण्याने वेढलेल्या बेटांसारखी असत, व भाजी होडीतून न्यावी लागे. १८८७ साली तेथे भाजीपाल्याचा जाहीर लिलाव सुरू झाला. पुढे मालाने भरलेली होडीच लिलावघरातून जावी अशी इमारत बांधली. ह्या लिलावाची रीत आपल्या उलट असे : घड्याळाचा काटा चढ्या भावावरून खाली येऊ लागे, आणि जो व्यापारी प्रथम काटा थांबवी त्यास माल मिळे. क्षणभर अधिक थांबल्यास माल दुसऱ्याच्या हाती जाणार, म्हणून व्यापाऱ्यांस संगनमतास फारसा वाव उरत नसे. १९७३ साली तेथील लिलाव बंद झाला, तरी घर संग्रहालय म्हणून चालू आहे, आणि पाहुण्यांस लिलावात बोली लावून पाहता येते. फुलांचा असाच लिलाव आल्समेर येथे चालतो. ती संस्था फूल-उत्पादकांच्याच मालकीची, सहकारी आहे.

लायडन व डेल्फ्ट. — अ‍ॅमस्टरडॅमहून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासात लायडनला पोहोचता येते. १५७४ साली स्पॅनिश सैन्याने ह्या शहरास वेढा घातला असता, डच पुढाऱ्यांनी आपलेच बांध फोडून मुलूख पाण्याखाली घातला व होड्यांतून मदत धाडली. ३ ऑक्टोबर रोजी वेढा उठला, आणि उपाशी नगरवासीयांस हेरिंग मासे व पांढरा पाव वाटण्यात आला. तो दिवस अजून साजरा होतो. शहर वाचले, पण पाणी चढले ते आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर, हे आपल्या वाचकांच्या लक्षात आल्यावाचून राहणार नाही. पुढल्याच वर्षी तेथे विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या १५९० सालच्या वनस्पति-उद्यानात क्लुसियस ह्या विद्वानाने ट्यूलिपची लागवड केली. देशाच्या त्या प्रसिद्ध फुलाची ओळख ह्या बागेतून पसरली.

लायडनच्या ब्रेस्त्राट रस्त्यावर व डेल्फ्टच्या ‘आउडे डेल्फ्ट’ कालव्यावर दोन जुनी घरे आहेत, ती आमच्या मते सर्वांत महत्त्वाची होत. डेल्फ्टच्या घराच्या दर्शनी भिंतीवर रंगीत ढाली लाविल्या आहेत. प्रवासी निळ्या चिनी मातीची भांडी घेण्याच्या गडबडीत ह्या घरावरून निघून जातात. ही घरे जलमंडळांची. लायडनकडील मंडळास १२५५ साली सनद मिळाली, इतकी ही संस्था जुनी. बांध, कालवे, उघाड्या व पंप ह्यांची देखरेख हेच तिचे काम. आज देशात अशी २१ मंडळे आहेत. त्यांची निवडणूक दर चार वर्षांनी होते, व त्यांस स्वतःचा कर बसविण्याचा हक्क आहे. २०२३ च्या निवडणुकीपासून प्रत्येक मंडळात शेतजमीन धारण करणाऱ्यांसाठी दोन जागा राखीव आहेत. आपल्याकडे पाणी मिळावे म्हणून पाणीपट्टी भरतात. तेथे पाणी साचू नये म्हणून भरतात!

ह्या मंडळांची जुनी वहिवाट ऐकण्याजोगी आहे. पूर्वी प्रत्येक खातेदारास जमिनीच्या प्रमाणात बांधाचा एक तुकडा राखावा लागे. ज्यास ते झेपत नसे, तो आपले फावडे बांधात रोवून निघून जाई. तो त्याचा राजीनामा. जो कोणी ते फावडे उपसून घेई, त्याकडे जमीन जाई आणि बांधाचा बोजाही जाई. ती त्याची कबुलायत. बांध राखण्याच्या कर्तव्यावाचून जमिनीवर हक्क नाही, हे तत्त्व एका फावड्याने सांगितले आहे. आजही शेताकडेचे चर ठराविक मुदतीत साफ करण्याची जबाबदारी जमीनधारकावर असते, आणि शरद ऋतूत मंडळाचे लोक येऊन तपासणी करतात.

रॉटरडॅम. — १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी ह्या शहराचा मध्यभाग जाळून टाकिला. म्हणून येथे जुने थोडे, नवे फार. २०१४ साली उघडलेला ‘मार्कटहाल’ म्हणजे घोड्याच्या नालाच्या आकाराची प्रचंड कमान असून, कमानीत राहती घरे व तिच्या पोटात भाजी-फळांचा बाजार आहे. आतल्या छतावर फळे, धान्ये, मासे ह्यांचे भव्य चित्र काढिले आहे. येथून होडीने किंडरडाइक येथे जाता येते. तेथे १९ पवनचक्क्या पाण्याकाठी उभ्या आहेत. त्यांतील बहुतेक १७४० च्या सुमारास बांधिल्या. पोल्डरातील पाणी उचलून नदीत टाकावयाच्या कामासाठी त्या उभारिल्या होत्या. हल्ली ते काम पंप करतात.

समुद्राच्या मुखापाशी १९९७ साली पुरी झालेली दोन विशाल कवाडे आहेत. प्रत्येक कवाड २१० मीटर लांब असून वादळी भरती आली की ती नदीचे मुख बंद करतात. ह्या खर्चाचे कारण १९५३ साली घडले. त्या वर्षी ३१ जानेवारीच्या रात्री वायव्येचे तुफान व भरती एकत्र आली, नैर्ऋत्य भागातील बांध ठिकठिकाणी फुटले, आणि १,८३६ माणसे मेली. ते बांध पुरेसे उंच व भक्कम नाहीत, हे जाणत्यांस त्यापूर्वीच ठाऊक होते. पण युद्ध व इतर निकडीची कामे ह्यांपुढे दुरुस्ती मागे पडली होती.

गौडा. — शेवटी चीजसाठी प्रसिद्ध असलेल्या ह्या गावी जावे. १६६८ सालचे तोलघर व मोठ्या चर्चची रंगीत काचचित्रे पाहून झाल्यावर कालव्याकाठची घरे न्याहाळावी. गाव पीटच्या जमिनीवर असल्यामुळे हळूहळू खचत आहे. भोवतालच्या कुरणांचीही तीच गत. गुरे व यंत्रे चालावीत म्हणून पाणी उतरवावे, तो कोरड्या पीटला हवा लागून ते कुजते व जमीन बसते. जमीन बसली की पाणी आणखी उतरवावे लागते. पाणी वर ठेवावे तर दुभत्या गुरांच्या मालकाचे नुकसान, खाली ठेवावे तर जमिनीचेच नुकसान. हा वाद त्या मंडळांच्या बैठकांत आज चालू आहे, व त्याचा निकाल सोपा नाही. सहाशे वर्षे उपसा करणाऱ्या देशासही आपल्या उपशाची किंमत द्यावी लागते, हे ध्यानात घेऊन ह्या लोकांची थोरवी मापावी.

एप्रिलच्या मध्यास गेल्यास फुलांची शेते व शुक्रवारचा चीज-बाजार दोन्ही साधतात. सर्व शहरे रेल्वेने जवळजवळ असल्यामुळे एके ठिकाणी मुक्काम ठेवून आठवड्यात हा फेरा पुरा होतो. रस्ता ओलांडताना सायकलींची वाट वेगळी असते, तिचे भान ठेवावे. आणि कोणत्याही गावी कालव्याच्या काठी उभे राहिल्यावर बरोबरच्या मुलास एवढेच विचारावे : हा बांध कोण राखतो, त्याचा पैसा कोण भरतो, आणि चर साफ न केल्यास विचारणारा कोण आहे? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे तेथील कोणत्याही शेतकऱ्यास तोंडपाठ असतात. आपल्या गावच्या बंधाऱ्याविषयी व चारीविषयी तीच उत्तरे आपणांस किती चटकन देता येतात, ह्याचा विचार परतीच्या प्रवासात करण्यास भरपूर वेळ मिळतो.