महासाथ आणि प्रसूतीचा मार्ग : सिझेरियनच्या टक्केवारीचा अर्थ कसा लावावा?

चरकसंहितेच्या विमानस्थानातील ‘जनपदोद्ध्वंसनीय’ हा तिसरा अध्याय आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रकृती, आहार, बल, सात्म्य आणि वय भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का ग्रासली जातात, या प्रश्नाचे उत्तर तेथे वायू, उदक, देश आणि काल या चार सामान्य भावांच्या विकृतीत शोधले आहे. महासाथीचा हा विचार व्याधिग्रस्तांपुरता मर्यादित नाही. ज्यांना व्याधीचा स्पर्शही झालेला नाही, त्यांचेही जीवन अशा काळात विस्कळीत होते. गर्भिणी हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. अन्य शस्त्रक्रिया पुढे ढकलता येतात, प्रसूती पुढे ढकलता येत नाही.

कोविड-१९ च्या महासाथीत सिझेरियन प्रसूतींचे प्रमाण वाढले की घटले, हा प्रश्न आजही वैद्यवर्गात व जनसामान्यांत विचारला जातो. यासंबंधी परस्परविरोधी दोन समज रूढ आहेत. संसर्गामुळे शस्त्रक्रिया अपरिहार्य झाल्या, असे एक मत आहे. टाळेबंदीत खासगी रुग्णालये बंद पडताच प्रसूती आपोआप नैसर्गिक होऊ लागल्या, म्हणजे पूर्वीच्या शस्त्रक्रिया अनावश्यकच होत्या, असे दुसरे मत आहे. आपल्या व्यवसायातील अनेकांना दुसरे मत विशेष प्रिय वाटते. दोन्ही मते उपलब्ध आकड्यांवर तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आपल्या सल्ल्यावर विसंबून एखादे कुटुंब रुग्णालयात जायचे की नाही हे ठरवते, म्हणून ही तपासणी आवश्यक आहे.

महासाथीपूर्वीची स्थिती

जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये सिझेरियनचे प्रमाण १० ते १५ टक्क्यांहून अधिक असण्याचे समर्थन करता येत नाही, असे मत मांडले होते. २०१५ च्या निवेदनात संघटनेने असे स्पष्ट केले की, लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण १० टक्क्यांपलीकडे गेल्याने माता व नवजात यांचे मृत्यू आणखी घटल्याचे दिसत नाही. त्याच निवेदनात दुसरेही एक वाक्य आहे, जे सहसा उद्धृत होत नाही. विशिष्ट टक्केवारी गाठण्याचा प्रयत्न न करता ज्या स्त्रीला शस्त्रक्रियेची गरज आहे तिला ती मिळावी, असा त्याचा आशय आहे.

भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार हे प्रमाण २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के व २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के होते. या दुसऱ्या पाहणीत खासगी रुग्णालयांतील प्रमाण ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांतील १४.३ टक्के आढळले. महाराष्ट्राचा आकडा २५.४ टक्के, गोव्याचा ३९.५ टक्के आणि तेलंगणाचा ६०.७ टक्के होता. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पाहणीच्या शीर्षकात २०१९-२१ ही वर्षे असली तरी महाराष्ट्र व गोवा ही राज्ये पहिल्या टप्प्यात होती आणि तो टप्पा जानेवारी २०२० अखेर संपला होता. त्यामुळे आपल्या राज्याचा हा आकडा पुढे करून ‘कोरोनामुळे सिझेरियन वाढले’ असे म्हणणे सर्वस्वी निराधार ठरते. ही वाढ महासाथीच्या आधीची आहे.

प्रारंभीचे भय

फेब्रुवारी २०२० मध्ये वूहान येथील ९ बाधित गर्भिणींचा पहिला महत्त्वाचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या नऊही स्त्रियांची प्रसूती सिझेरियनने झाली होती. योनिमार्गातून बालकास संसर्ग होईल काय, प्रसववेदनांच्या काळात श्वासोच्छ्वास वेगाने होत असता सेवकवर्गास बाधा होईल काय, या प्रश्नांची उत्तरे तेव्हा कोणाजवळच नव्हती. पूर्वनियोजित शस्त्रक्रियेत वेळ ठरवता येते, संरक्षक पोशाख घालून सर्वांना सज्ज राहता येते. प्रसववेदना मात्र बारा-चौदा तास चालू शकतात. शस्त्रक्रियेकडे कल झुकण्यामागे ही व्यावहारिक कारणे होती.

पुढे मिळालेल्या अनुभवाने हे भय बव्हंशी दूर केले. केवळ बाधित असणे हे सिझेरियनचे कारण होऊ शकत नाही, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने सुरुवातीच्या मार्गदर्शनातच घेतली. स्पेनमधील ८२ बाधित स्त्रियांच्या अभ्यासात सौम्य लक्षणे असलेल्या ७८ जणींपैकी ४१ जणींची प्रसूती योनिमार्गे व ३७ जणींची सिझेरियनने झाली. प्रसूतीनंतर प्रकृती खालावण्याचे प्रमाण सिझेरियन झालेल्या गटात अधिक आढळले. अभ्यास लहान होता, तरी संसर्ग झालेल्या शरीरावर मोठ्या शस्त्रक्रियेचा भार विनाकारण घालू नये, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो.

अपूर्णांकाचे गणित

टक्केवारी हा अपूर्णांक आहे. अंशस्थानी शस्त्रक्रिया आणि छेदस्थानी एकूण प्रसूती असतात. महासाथ या दोहोंनाही हलवते, आणि बहुतेक गैरसमज छेदाकडे दुर्लक्ष केल्याने होतात. दोन काल्पनिक उदाहरणे घेऊ.

एका रुग्णालयात महिन्याला १०० प्रसूती होतात व त्यांपैकी २५ सिझेरियन असतात. टाळेबंदीत वाहने बंद झाली, भय वाढले, आणि ज्यांना काही त्रास नाही अशा अनेक स्त्रिया घरीच राहिल्या. प्रसूती ६० वर आल्या, त्यांत २० सिझेरियन झाले. शस्त्रक्रियांची संख्या २५ वरून २० झाली, म्हणजे घटली. प्रमाण मात्र २५ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेले. येथे वैद्यांचा निर्णय बदललेला नाही, दारात येणाऱ्या स्त्रिया बदलल्या आहेत.

आता उलट उदाहरण पाहू. एखाद्या तालुक्यात १,००० प्रसूतींपैकी निम्म्या खासगी व निम्म्या सरकारी रुग्णालयांत होतात. खासगीत ४७ टक्के व सरकारीत १४ टक्के हे प्रमाण धरल्यास एकूण ३०५ सिझेरियन होतील. खासगी प्रसूतिगृहे बंद पडून तेथे केवळ २०० प्रसूती झाल्या व ८०० सरकारी रुग्णालयांत गेल्या, आणि दोन्हीकडील प्रमाण तेच राहिले, तर एकूण सिझेरियन २०६ होतील. एवढी घट पाहून पूर्वीच्या सुमारे शंभर शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असे म्हणण्याचा मोह होतो. त्यांपैकी काही तशा असतीलही. तथापि ज्या स्त्रीला शस्त्रक्रियेची खरोखर गरज होती, पण भूलतज्ज्ञ अथवा शस्त्रक्रियागृह मिळाले नाही, तीसुद्धा याच ‘घटी’त मोजली जाते. म्हणून सिझेरियनचा आकडा कधीही एकटा वाचू नये. मृतजात बालके, नवजात मृत्यू आणि मातामृत्यू यांच्या शेजारी ठेवूनच तो वाचला पाहिजे.

प्रत्यक्ष आकडे काय सांगतात?

या दृष्टीने नेपाळचा अभ्यास अत्यंत उद्बोधक आहे. तेथील नऊ रुग्णालयांत टाळेबंदीपूर्वी आठवड्याला सरासरी सुमारे १,२६१ प्रसूती होत होत्या, टाळेबंदीत त्या सुमारे ६५१ वर आल्या. रुग्णालयातील मृतजात बालकांचे प्रमाण दर हजारी १४ वरून २१ वर, तर नवजात मृत्यूंचे प्रमाण १३ वरून ४० वर गेले. सिझेरियनच्या प्रमाणातील फरक मात्र अल्प होता. हे मृत्यूंचे आकडेही त्याच छेदाच्या नियमाने वाचावे लागतात, कारण रुग्णालयात पोहोचलेल्यांत गुंतागुंतीच्या प्रसूतींचा वाटा वाढलेला असणार. तरीही गर्भिणीला रुग्णालय गाठण्यास झालेल्या विलंबाची किंमत त्यांतून दिसते. केवळ सिझेरियनचे प्रमाण पाहणाऱ्यास यातील काहीच दिसले नसते.

भारतातही चित्र याच दिशेचे होते. जोधपूरच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २०२० च्या एप्रिल ते ऑगस्ट या काळात प्रसूतींची संख्या सुमारे ४५ टक्क्यांनी घटली, आणि दाखल झालेल्यांत जोखमीच्या गर्भिणींचा वाटा वाढला.

जेथे जवळजवळ प्रत्येक जन्माची नोंद होते, तेथे छेदाचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. अमेरिकेत सिझेरियनचे प्रमाण २००९ मधील ३२.९ टक्क्यांवरून २०१९ पर्यंत ३१.७ टक्क्यांवर उतरले होते. २०२० मध्ये ते ३१.८ व २०२१ मध्ये ३२.१ टक्के झाले. वाढ लहान आहे, पण दहा वर्षांची उतरण थांबून दिशा बदलली, हे लक्षणीय होय. त्याच देशात घरी होणारे जन्म २०१९ मधील ३८,५०६ वरून २०२१ मध्ये ५१,६४२ झाले. एकाच महासाथीत काही स्त्रिया शस्त्रक्रियेकडे, तर काही रुग्णालयापासून दूर गेल्या.

तात्पर्य, सर्वत्र लागू होईल असे एकच उत्तर नाही. संपूर्ण देशांच्या पातळीवर बदल सामान्यतः लहान, तर एकेका रुग्णालयाच्या पातळीवर मोठा दिसतो. त्या मोठ्या बदलाचा बराच भाग रुग्णांच्या स्थलांतराने घडलेला असतो. दोन रुग्णालयांची वा दोन काळांची न्याय्य तुलना करावयाची असल्यास प्रथम प्रसूती, पूर्वी सिझेरियन झालेली, पायाळू गर्भ, जुळे, अपुऱ्या दिवसांची अशा गटांत स्त्रियांची विभागणी करून प्रत्येक गटाचे प्रमाण स्वतंत्रपणे पाहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारलेली रॉब्सन यांची दहा गटांची पद्धती हेच करते.

बाधित मातांचा विशेष विचार

वरील विवेचनावरून व्याधीचा स्वतःचा परिणाम नव्हताच, असे समजू नये. १८ देशांतील ४३ संस्थांच्या अभ्यासात बाधित गर्भिणींमध्ये गर्भावस्थेतील रक्तदाबाचे गंभीर विकार, अकाली प्रसूती व मातामृत्यू यांचा धोका अधिक आढळला. ही सिझेरियनची खरी कारणे ठरू शकतात. मुंबईच्या नायर रुग्णालयातील नोंदींनुसार पहिल्या लाटेत १,१४३ बाधित स्त्रियांपैकी ८, तर २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ३८७ पैकी २२ जणींचा मृत्यू झाला. एकाच व्याधीच्या दोन लाटांत एवढे अंतर असेल, तर सर्व महासाथींना एकच नियम लावणे अशास्त्रीय होय. गर्भिणींच्या लसीकरणास भारतात जुलै २०२१ मध्ये मान्यता मिळाली, हेही येथे स्मरणात ठेवावे.

आयुर्वेदीय दृष्टी

प्रसव हे अपान वायूचे प्राकृत कर्म आहे आणि भय हे वातप्रकोपाचे कारण आहे. चरकांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सूतिकागार आधीच सिद्ध ठेवण्यास सांगितले आहे. आसन्नप्रसवेभोवती अनेकदा प्रसूत झालेल्या, स्नेहशील व धीर देणाऱ्या स्त्रिया असाव्यात, आणि वेदना नसताना तिने प्रवाहण करू नये, असाही तेथे उपदेश आहे. महासाथीत अनेक रुग्णालयांनी सोबतीच्या स्त्रीस प्रवेश नाकारला. १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या २६ चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात, अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांत नैसर्गिक प्रसूती अधिक व सिझेरियन कमी आढळले आहेत. प्राचीन उपदेश व अर्वाचीन प्रमाण येथे एकत्र येतात.

त्याचबरोबर सुश्रुतांनी मूढगर्भाचे स्वतंत्र निदान व चिकित्सा सांगितली आहे, आणि तेथे शस्त्रकर्माचा संकोच केलेला नाही. हे कर्म अत्यंत कठीण असल्याचे सांगून अधिपतीची अनुमती घेऊनच ते करावे, असे त्यांनी बजावले आहे. शस्त्रक्रिया म्हणजे पराभव, ही कल्पना आपल्या संहितांची नव्हे.

आपले कर्तव्य

पुढील महासाथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. ती आली असता आपण काय करावे, हे आजच निश्चित करणे इष्ट आहे.

१. आपल्याकडे मासानुमासिक परिचर्येसाठी येणाऱ्या प्रत्येक गर्भिणीची नोंद ठेवावी. पूर्वीचे सिझेरियन, रक्तदाब, मधुमेह, पांडू, जुळे गर्भ यांचा त्यात उल्लेख असावा. प्रसूतीचे रुग्णालय, पर्यायी रुग्णालय व वाहन सातव्या महिन्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

२. रक्तस्राव, पाणी जाणे, तीव्र शिरःशूल, दृष्टी अंधारणे, आक्षेप, ज्वर, धाप आणि गर्भस्पंदन मंदावणे यांपैकी एकही लक्षण दिसताच कोणत्याही औषधाची वाट न पाहता रुग्णालयात पाठवावे. साथ आहे म्हणून थांबू नये.

३. ‘नैसर्गिक प्रसूतीची हमी’ अशी जाहिरात अथवा आश्वासन कोणीही देऊ नये. परिचर्येने गर्भिणीचे बल टिकते, भय कमी होते. मार्गाचा अंतिम निर्णय त्या क्षणीच्या माता व गर्भाच्या अवस्थेवर अवलंबून असतो.

४. औषधविक्रेत्यांनी लोह, फॉलिक आम्ल, कॅल्शियम व रक्तदाबावरील औषधांचा साठा गर्भिणींसाठी राखून ठेवावा. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन चिठ्ठीवाचून कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. घरी प्रसूती वाढतात तेव्हा याच औषधाचा दुरुपयोग गर्भाशय फाटण्यास कारण होऊ शकतो.

५. साथीच्या काळात सुंठ, मिरी, दालचिनीयुक्त काढ्यांची मागणी वाढते. २०२० मध्ये आपण हे अनुभवले आहे. उष्ण-तीक्ष्ण द्रव्यांचे असे काढे गर्भिणीस सरसकट न देता वैद्याने प्रकृती, काल व मात्रा पाहूनच द्यावेत.

सिझेरियन वाढले की घटले, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत आहे. परंतु जिला शस्त्रक्रिया हवी होती तिला ती वेळेत मिळाली काय, आणि जिला नको होती तिच्यावर ती लादली गेली काय, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. यापुढे आपल्यासमोर कोणी अशी टक्केवारी ठेवील, तेव्हा वैद्यबंधू-भगिनींनी व औषधविक्रेत्यांनी प्रथम हेच दोन प्रश्न विचारावेत, अशी आमची विनंती आहे.