वायफायची डुलकी

लॅपटॉप जुना झाला की घरात एक तक्रार ठरलेली असते : ‘वायफाय सारखं जातंय.’ मग नेटवाल्याला फोन होतो, राउटर बदलला जातो आणि तरीही ऐन व्हिडिओ कॉलमध्ये समोरचा चेहरा गोठतोच. त्याच खोलीत मोबाइल मात्र मजेत चालू! अशा वेळी एक साधी परीक्षा घ्यावी. चार्जर लावल्यावर नेट नीट चालतं आणि बॅटरीवर तुटतं का, ते पाहावं. तसं होत असेल तर वायफाय कार्ड बहुधा शाबूत आहे. घोळ आहे तो वीज वाचवण्याच्या हिशेबात.

वायफाय कार्ड अखंड जागं नसतं. वीज वाचवायला ते मध्येमध्ये डुलकी घेतं आणि तेवढ्या वेळात आलेला मजकूर राउटर सांभाळून ठेवतो. बहुतेक राउटर साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी ‘बीकन’ नावाचा छोटा संदेश सोडतात. कार्ड त्या वेळी जागं होतं, आपल्यासाठी काही आलंय का बघतं आणि नसेल तर पुन्हा झोपतं. ही सोय काही नवी नाही, १९९७च्या मूळ वायफाय मानकातलीच आहे. पण जुना ड्रायव्हर आणि नवा राउटर यांचं या वेळापत्रकावर जमलं नाही, की नेट रखडतं किंवा तुटतं.

विंडोजमध्ये यावरचा इलाज दोन ठिकाणी आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडल्या की पॉवर मॅनेजमेंटचा टॅब सापडतो. वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची मुभा कॉम्प्युटरला देणारी खूण तिथे असते, ती काढून टाकायची. मग पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये वायरलेस अडॅप्टरसाठी बॅटरीवरही ‘मॅक्झिमम परफॉर्मन्स’ निवडायचं. वायफाय मुळीच चालू होत नसेल, तर लिनक्सवाल्यांनी आधी ‘आरएफकिल’ ही आज्ञा चालवून पाहावी. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असं उत्तर आलं तर लॅपटॉपच्या कडेचं वायफायचं बारीक बटण कुणाचा तरी हात लागून सरकलेलं असण्याची शक्यता मोठी. हसू येतं, पण असं होतं.

कार्डाची डुलकी बंद केली तर बॅटरी लवकर उतरेल ना? थोडी उतरेल. पण विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला तर खरा खर्च कुठे आहे ते दिसतं. मूळ क्षमता ४८,००० मिलिवॉट-तास आणि आता पूर्ण चार्ज होऊन १९,०००च भरत असेल, तर वायफायची डुलकी वाचवून काय साधणार? तिथे बॅटरीच बदलायला झाली आहे.

कार्ड खरोखर गेलंच असेल, तर जुन्याच्या जागी नवं बसवणं वाटतं तितकं सरळ नाही. लेनोवोच्या २०११च्या थिंकपॅड एक्स२२०चं उदाहरण घ्या. त्याच्या बायोसमध्ये मंजूर कार्डांची यादीच आहे. यादीबाहेरचं कार्ड घातलं की १८०२ क्रमांकाची चूक दाखवून मशीन सुरूच व्हायला नकार देतं. कार्ड धडधाकट, पण दारातच अडवलेलं. हा अडेलपणा ग्राहकाच्या भल्यासाठी होता, हे पटणं अवघडच. म्हणून जुन्या मशीनसाठी नुसता कार्डाचा नमुना नाही, त्या कंपनीचा पार्ट क्रमांकही जुळवून घ्यावा. त्यापुढच्या पिढीत वेगळीच गोम आहे. इंटेलचं एएक्स२०० कार्ड आणि एएक्स२०१ कार्ड दिसायला जवळजवळ सारखी. पण दुसरं फक्त इंटेलच्या ठरावीक नव्या चिपसेटवरच चालतं. जुन्या लॅपटॉपला ते निरुपयोगी.

कार्ड काढताना बॅटरी आधी सोडवावी. अँटेनाच्या दोन बारीक तारा ओढून नव्हे, तर टोकाची पितळी टोपी नखानं सरळ वर उचलून काढाव्यात. परत लावताना ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. एखादी तार अर्धवट बसली, तर राउटरशेजारी पूर्ण रेंज आणि पलीकडच्या खोलीत शुकशुकाट, असा प्रकार होतो.

आणि मोबाइलला दिसणारं नेटवर्क लॅपटॉपच्या यादीत मुळीच येत नसेल, तर स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी राउटरचा चॅनल पाहावा. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १३ चॅनल चालतात. अमेरिकेसाठी बनलेली बरीच जुनी कार्डं मात्र ११च्या पुढे बघतच नाहीत. राउटरनं आपोआप १३ निवडला असेल, तर तो १, ६ किंवा ११ करून ठेवला की काम होतं.